बोलणारा मीटर

पंखे दुरुस्त करणाऱ्या काकांनी काउंटरवर वीज मोजायचे सहा मल्टिमीटर मांडायला लावले आणि सासूच्या नजरेने एकेकात खोट काढली. याचे आकडे बारीक, त्याचं बटण घट्ट, तिसरा तर दोन मिनिटांत आपोआप झोपी जातो.

दुकानदाराने हात टेकले. "काका, तुमची कामाची पद्धत तरी सांगा!"

"दोन्ही हातांत मीटरच्या पिना असतात, नजर वायरीवरून हलवायची नाही. आकडा मागून बायको वाचून सांगायची. दोन महिन्यांपूर्वी ती गेली."

दुकानदाराने आतून सातवा मीटर आणला. "हा आकडा बोलून सांगतो. बघा."

काकांनी एका सेलला पिना लावल्या. "एक पॉइंट पाच," मीटरमधून बाईचा आवाज आला.

"पुटपुटू नकोस, मोठ्यानं सांग!" सवयीने काका खेकसले आणि सेलवरून नजर न हलवता थांबून राहिले. मीटर गप्पच.

"आवाज वाढवता येतो, काका. बांधून देऊ?"

काकांनी पिनांच्या वायरी गुंडाळून मीटर परत सरकवला.



"नको. एवढा खेकसलो, तरी उलटून एक शब्द बोलला नाही."