खालचं रान

लिलाव सुरू होणार, तेवढ्यात ग्लेनिस मागच्या बाकावरून उठली.

"रोवन, खालच्या रानात मीठ फुटायचं, त्याचं काय झालं?"

लोकर कातरायच्या शेडमधली कुजबुज थांबली. सगळ्या माना रोवनकडे वळल्या.

नऊशे एकरांचं शेत विकायला काढलं होतं. अर्ध्यात गहू, अर्ध्यात मेंढ्या. मालक रोवन पास्को, ग्लेनिसचा धाकटा भाऊ. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो पर्थला निघून गेला होता. पुढची अकरा वर्षं ग्लेनिसनं एकटीनं शेती ओढली. पेरलं तिनं, मेंढ्या कातरल्या तिनं, वडिलांना भरवलंही तिनंच. मृत्युपत्र उघडलं, तर सगळं मुलाच्या नावावर. मुलगी लग्न करून जायचीच, असं वडील धरून चालले होते. ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. रोवननं तिला पंधरा दिवसांत घर रिकामं करायला लावलं, शेत शेजारच्या लेन कार्बीला वाट्यानं कसायला दिलं आणि पुन्हा पर्थ गाठलं. त्याला नऊ वर्षं झाली. ग्लेनिस गावात खोली घेऊन राहिली, दुसऱ्यांच्या मेंढ्या कातरत राहिली, आणि त्या पंधरा दिवसांतला एकही दिवस विसरली नाही.

बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं. रानात नुसती गव्हाची धसकटं उभी होती. त्यांच्याखाली काय आहे, ते वरून कळणार नव्हतं. रोवनला आठवत होतं ते लहानपणचं पांढरंफटक खालचं रान. चारचौघांत 'माहीत नाही' म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"मीठ आहे थोडंफार," तो हसून म्हणाला. "या भागात कुणाकडे नाही?"

बाहेरगावाहून आलेल्या दोघांनी हातातली पत्रकं मिटली. गावातलं कुणीच काही बोललं नाही. लेन कार्बीनं हॅट काढून तिच्या आत बघितलं.

बोली रखडत चढली आणि लवकरच थांबली. शेवटची बोली ग्लेनिसची होती. लेन या खरेदीत तिचा भागीदार होता. आज विकायचंच, असं रोवननं स्वतःच जाहीर करून ठेवलं होतं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

सह्या करताना तो तिच्याकडे वाकला. "इतकी वर्षं दात धरलास, आणि शेवटी घेतलंस काय, तर खारट रान."

ग्लेनिसनं सही पूर्ण केली, कागदावर फुंकर मारली.

"ते मीठ मी बाबा असतानाच घालवलं. चर खणले, जमिनीतलं खारं पाणी ओढायला निलगिरी लावली. सात वर्षं लागली. आता सगळ्यात चांगला गहू तिथंच येतो." तिनं पेन त्याच्यापुढे ठेवलं. "या शेडमधल्या प्रत्येक गावकऱ्याला ते माहीत आहे. मी तर नुसतं विचारलं, रोवन. मीठ आहे म्हणून सांगितलंस तू."