पांढऱ्या वाफेचे दिवस

"बाई, तो धूर नाही, वाफ आहे," रमाकांत म्हणाला आणि शेजारी बसलेल्या व्यवस्थापकांकडे पाहून हसला.

वीज केंद्राचा रसायनतज्ज्ञ म्हणून त्याला वडनेर भोलजीच्या या सभेला यावं लागलं होतं. समोर सतरंजीवर भाजी पिकवणारी माणसं, मधे खुर्चीत तपासणी अधिकारी. त्यांच्यातल्या झुंबरबाईंच्या अर्जात 'पांढरा धूर' एवढं दिसलं आणि पुढचं वाचायची त्याला गरजच वाटली नाही. या लोकांशी काय बोलायचं? तरी त्याने समजावलं, पहिलीच्या पोरांना सांगावं तसं. कोळशाच्या धुरात गंधकाचा विषारी वायू असतो. चुनखडीच्या पाण्याने तो धुतला, की चिमणीतून पांढरी वाफ निघते.

"म्हणजे पांढरं दिसलं, की हात जोडायचे. अर्ज करायचे नाहीत."

झुंबरबाई शांतपणे उठल्या.

"हाव साहेब, मले मालूम हाये ते. पांढरं काऊन निंगते, असं माहं म्हननंच नाही. ते रोज काऊन निंगत नाही, हे पुसाले आली मी. नाही निंगत तवा माही मेथी जळते."

अधिकाऱ्याने मान वर केली. व्यवस्थापक घाईने म्हणाले, की धूर धुण्याची यंत्रणा वर्षभर अखंड चालू आहे. अहवालात तसं लिहिलंय, खाली रमाकांतची सही आहे.

झुंबरबाईंनी पिशवीतून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं. दुधाच्या खाड्याला करतात तसे काही तारखांना निळे गोल होते.

"जवा पांढरं दिसलं, तवा गोल केला. साऱ्या वर्षात अकरा दिवस."

रमाकांतने कॅलेंडर ओढून घेतलं. वाकडेतिकडे गोल, तेलाचे डाग. म्हणे नोंद! बारा वर्षं त्या चिमणीखाली काढलेल्या माणसाला ही बाई आकडे शिकवणार. यंत्रणा कोणत्या तारखेला सुरू झाली आणि कोणते पाहुणे गेल्यावर बंद झाली, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याची नजर सप्टेंबरवर थांबली आणि ओठ तुच्छतेने मुडपले.

"अकरा नाही, नऊ," त्याने कॅलेंडर सतरंजीवर टाकलं. "या दोन तारखांना चिमणीमागे नुसते ढग होते."

झुंबरबाई खाली बसल्या. व्यवस्थापकांनी डोळे मिटून घेतले.

"नऊच ना?" अधिकाऱ्याने विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.