खोडायचा शब्द

चाकाचा पाना दुसऱ्यांदा खाली आला आणि सर्वेअरच्या डाव्या हाताची करंगळी वाळक्या काटकीसारखी मोडली.

"डावाच मोडतोय," ड्रायव्हरचा मोठा भाऊ म्हणाला. "उजव्यानं लिहायचंय तुला."

गॅरेजचे शटर अर्ध्यावर ओढलेले होते. बाहेर भर दुपार होती. आत रबराचा, ग्रीसचा आणि आता रक्ताचा वास. सर्वेअरला जुन्या टायरांच्या ढिगाला टेकवून बसवले होते. डावे मनगट फॅनबेल्टने लोखंडी ठोकळ्याशी करकचून बांधलेले. मांडीवर त्याचाच अहवाल उघडा होता, आणि त्यातल्या एका शब्दाखाली कुणीतरी कागद फाटेपर्यंत रेघ ओढली होती. 'निष्काळजीपणा'.

अकरा दिवसांपूर्वी घाटातल्या चढावर कागदाची रिळे भरलेला ट्रक पेटला. आग रिळांतून गवतात उतरली, गवतातून झाडांत चढली, आणि संध्याकाळपर्यंत डोंगराची एक अख्खी कूस काळी झाली. लाकूडतोडीवरचे दोघे जळाले. ड्रायव्हर केबिनमध्येच संपला. विमा कंपनीचा हा सर्वेअर तीन दिवस त्या सांगाड्यात गुडघ्यांवर बसून ब्रशने राख झाडत होता. चौथ्या दिवशी त्याने लिहिले: ब्रेक चाकाला धरून राहिला आणि चाक तापून पेटले, चालकाच्या निष्काळजीपणामुळे ते वेळीच लक्षात आले नाही.

धंद्यात त्याला 'खिळा' म्हणत. बावीस वर्षांत त्याला कुणी वाकवू शकले नव्हते.

"त्या लाकूडतोड्यांची माणसं काल माझ्या आईच्या तोंडावर थुंकली," भाऊ म्हणाला. "तुझा तो कागद वाचून. हलगर्जी पोराची आई म्हणून. अरे, टायरवर हातोडी मारून आवाज ऐकल्याशिवाय तो गाडी हलवायचा नाही. त्याची बायको म्हणायची, माझ्यापेक्षा टायरचीच नाडी जास्त बघतात. त्याला गाडी कुणी शिकवली? मी! खोड तो शब्द."

"राहू द्या," सर्वेअर म्हणाला. ओठ फाटल्यामुळे त्याची अक्षरे ओली होऊन येत होती. "तो शब्द म्हणजे शिवी नाही, दादा. माणूस चुकतो, म्हणूनच तर विमा असतो. चूक असली तर तुमच्या भावजयीला भरपाई..."

"तुमच्या कचेरीत नसेल शिवी. आमच्या घरात आहे."

पाना पुन्हा आला. या वेळी सर्वेअरला आवाज आधी ऐकू आला आणि वेदना नंतर; मधल्या पोकळीत त्याला काळा डोंगर दिसला, ज्यावर एकही पान हलत नव्हते.

भाऊ त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा श्वास सर्वेअरच्या तोंडावर येत होता.

"काल मी स्वतः वर जाऊन आलो. चाकांतले चारही ब्रेकड्रम पाहिले. एखादा ब्रेक धरला असता, तर तो ड्रम वेगळा दिसला असता. तडकला असता, झिजला असता. चारही सारखे आहेत. वीस वर्षं स्टेअरिंगवर काढलीत मी, मला शेंड्या लावतोस? तुझा अहवाल खोटा आहे, खिळ्या. कुणासाठी वाकलास?"

सर्वेअरने डोळे मिटून घेतले. हे मारापेक्षा जड होते, कारण समोरचा माणूस बरोबर बोलत होता.

"मालकासाठी?" पाना. "कंपनीसाठी?" पाना. मनगटाच्या आत काहीतरी निखळले, आणि हात त्याचा राहिला नाही.

"तो शब्द खोडला," तो धापा टाकत म्हणाला, "तर त्या जागी मला दुसरा लिहावा लागेल. ऐका माझं. तो याच्याहून वाईट आहे."

"घाबरवतोस होय?" भाऊ उठला. त्याने भिंतीवरचे बटण दाबले, ग्राइंडर हातात घेतला आणि शेजारच्या पोलादी पट्टीला टेकवला. ठिणग्यांचा झोत सर्वेअरच्या गालावरून गेला. कातडी करपल्याचा वास आला. "आता हात नाही. आता डोळा."

सर्वेअरने पेन उचलले. भीतीनेच उचलले; त्यात दुसरे काही नव्हते. त्याने त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली.

ग्राइंडर घरघरत थांबला. भाऊ गुडघ्यांवर कोसळला आणि हसता हसता रडू लागला. दोन्ही हातांनी त्याने तो कागद धरला, जणू धाकट्याचे डोके ओंजळीत उचलून घेत होता.

"आता लिही," तो म्हणाला. "लिही, माझा भाऊ शेवटच्या क्षणापर्यंत जपून वागला."

सर्वेअर त्याच्याकडे बघत राहिला. पेन कागदावर टेकलेलेच होते.

"ते खरंच आहे," तो म्हणाला. "केबिनची दोन्ही दारं आतून लावलेली होती. डिझेलचा कॅन आतच होता, त्याच्या पायाशी."

बाहेरून एक जड गाडी गेली आणि पत्रे थरथरले.

"गाडी पेटवायच्या आधी त्यानं खाली उतरून चाकांना आठ दगड लावले होते, दादा. खालच्या वस्तीवर घरंगळू नये म्हणून. ते मी एकेक करून दरीत टाकले."