इन्स्पेक्शनचे हेडसाहेब

सरकारी पॉलिटेक्निकातून रिटायर झालेल्या जयसिंगरावांना न्यायला बायपासवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची गाडी वर्षातून एकदाच यायची, इन्स्पेक्शनच्या दिवशी. त्या दिवशी वर्कशॉपात दुसऱ्या कॉलेजातून उसनं आणलेलं लेथ मशीन उभं असायचं आणि हेडच्या केबिनमध्ये उसने जयसिंगराव. दारावर त्यांच्या नावाची चकचकीत पाटी. कमिटी खूश होऊन गेली की मशीन ट्रकमध्ये चढायचं अन् जयसिंगराव शाल, मिठाईचा डबा घेऊन घरी. "सगळेच करतात भिया, एका दिवसानं कोणाचं काय बिघडतं?" असं ते वाटेत ड्रायव्हरला सांगायचे.

पाटी मात्र वर्षभर दारावरच असायची.

यंदा राजेंद्र नगरातल्या त्यांच्या शेजारीण बेबीताई पेढे घेऊन आल्या. "आमच्या अश्विनला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली हो!"

"अरे वा! कुठे?" जयसिंगरावांनी पेढा तोंडात टाकला.



"तुमच्याच कॉलेजात! उज्जैनची सरकारी सीट सोडली त्यानं. तुमची पाटी बघून आला अन् म्हणाला, आई, काका खुद शिकवणार, मग टेन्शन कशाचं?"