ओढ्याच्या अलीकडची रेघ

"काय रे माशाच्या शेपट्या खाणाऱ्या, अजून हाकललं नाही तुला?"

एपरामाने मान वर न करताच आवाज ओळखला. वाइलोमा बेटावरचा म्हातारा नेमानी.

"तुमच्या गावात कुणाला डोकं नाही, म्हणून माशांची खाता," एपरामा म्हणाला. "आम्हाला शेपट्या पुरतात."

दोघांच्या गावांचा मूळपुरुष एकच. अशा गावच्या माणसांनी भेटल्याबरोबर एकमेकांची टर उडवायची आणि राग धरायचा नाही. राग यायचा तो कुणी टर उडवली नाही तर.

नेमानीने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. बोटीत पाणी शिरून तिचा लगदा झाला होता. गावच्या जमिनींच्या नकाशाची नवी प्रत त्याला हवी होती. सुवा शहराच्या बंदरासमोरच्या या मोजणीदाराच्या कचेरीत नकाशे छापायचं काम सव्वीस वर्षं एपरामाच करत होता.

तो आतल्या खोलीत गेला. हाताने काढलेला जुना मूळ नकाशा त्याने पलंगाएवढ्या रुंद स्कॅनरच्या फटीत सरकवला. बाजूच्या प्रिंटरमधून प्रत हळूहळू बाहेर आली. तिच्यावर वरपासून खालपर्यंत एक केसाएवढी करडी रेघ होती.

ती रेघ त्याच्या ओळखीची होती. तीन महिन्यांपूर्वी याच नकाशावर, याच जागी ती आली होती. तेव्हा त्याने प्रिंटर दोनदा साफ केला होता, शाई बदलली होती, चाचणीचा कागद काढला होता. चाचणीचा कागद स्वच्छ यायचा, नकाशावर मात्र रेघ असायचीच. बाहेर नेमानी बोटीसाठी घाई करत होता. बारीक तर आहे, कोण बघतंय, असं म्हणून एपरामाने तीच प्रत गुंडाळून दिली होती.

आज घाई नव्हती. चाचणीचा कागद स्वच्छ येतो, म्हणजे दोष प्रिंटरचा नाही; नवशिक्यालाही हे कळलं असतं. त्याने स्कॅनरचं झाकण उघडलं आणि काचेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. तिळाहून लहान, सुकलेल्या डिंकाचा ठिपका. मूळ नकाशाची फाटकी कड त्यानेच त्या दिवशी चिकटवली होती. बाकीचे नकाशे संगणकातूनच निघायचे, म्हणून तीन महिने स्कॅनरला कुणी हात लावला नव्हता. कागद काचेवरून सरकत जायचा, ठिपका जागचा हलायचा नाही, आणि त्याची रेघ व्हायची.

त्याने तो नखाने खरवडून ओल्या फडक्यावर घेतला. दुसरी प्रत अगदी स्वच्छ आली. फडकं हातात तसंच ठेवून, जुनी चूक निस्तरल्याच्या समाधानात तो बाहेर आला.

नेमानीने नकाशा काउंटरवर पसरला आणि बोटाने काहीतरी शोधू लागला.

"रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"ओढ्याच्या अलीकडची रे. हद्दीची. फार ठळक नव्हती, पण होती."

एपरामाने फडक्याची घडी घातली.

"तुझा कागद आला म्हणून कळलं तरी," नेमानी सांगू लागला. "तीस वर्षं मी ओढ्यापर्यंत दालोचे कंद लावत होतो. बाप म्हणायचा, ओढ्यापर्यंत आपलं. कागद बघितला, तर ते शेजारच्या घराण्याचं निघालं. सगळे कंद उपटले. माफी मागायला रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन त्यांच्या दारात गेलो, मान खाली घालून बसलो. म्हटलं, माझा बाप चुकला, त्याच्यामागनं मी चुकलो. भली माणसं. दात स्वीकारला, जेवू घातलं." मग तो हसला. "तुझ्या गावच्या कुणाला जमलं नसतं."

"फिकी आली असेल," एपरामा म्हणाला. आपलेच शब्द ऐकून त्याचे कान तापले.

"मग पुन्हा काढ. चांगली ठसठशीत काढ. सोमवारी दोन्ही घरची माणसं मिळून त्या रेघेवर खुंट ठोकणार आहेत."

खणात पट्टी होती. करडी पेन्सिलही होती. एका मिनिटाचं काम.

"ती हद्द नव्हती," एपरामा म्हणाला. "घाण होती. काचेवर डिंक पडला होता. माझ्याच हातून. तुला कागद दिला तेव्हा रेघ दिसली होती मला. मी तसाच दिला."

नेमानी खाली नव्या नकाशाकडे बघत राहिला.

"ती समुद्रावरनंही गेली होती," तो सावकाश म्हणाला. "तुमच्या शिक्क्यावरनं पण. सुनेनं विचारलं होतं, समुद्रात कसली हद्द? मी तिला गप्प केलं. म्हटलं, कचेरीचा कागद आहे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

त्याने हात पुढे केला. "दाखव."

एपरामाने फडकं काउंटरवर उलगडलं. नेमानीने चष्मा लावला, वाकला, आणि त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिला. एपरामा शिवीची वाट बघत होता. आंधळा म्हण, शेपटीखाऊ म्हण, आमच्या सगळ्या गावाचा उद्धार कर. काहीही चाललं असतं.

नेमानीने ठिपका आत ठेवून फडक्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नकाशा नीट गुंडाळला. दारापाशी जाऊन तो वळला.

"शेजाऱ्यांच्या दारात आता तुम्ही यायचं. शुक्रवारची बोट बाराला सुटते, साहेब."