गुरुवारचं बारसं

“बाळ मेलबर्नला, नाव ठेवणारी आत्या इथे, त्यात गुरुवार! दुरुस्तीच्या नावाखाली दुपारभर वीज नसते, ठाऊक आहे ना?” आई करवादली.

“नसू दे,” मी म्हटलं. राउटरला साबणाच्या वडीएवढी बॅटरी जोडली होती. मागच्या गुरुवारी तालीमही केली होती. तेव्हा राउटर चालू होता, पण नेट गायब. जिन्यातला केबलवाल्याचा डबा बंद पडला होता. मग त्यालाही तशीच बॅटरी बसवून घेतली.

“एवढीशी ती, टिकणार किती?”

“तिला फक्त राउटर सांभाळायचाय, आई. पंखा नाही.”

तिकडे पाळणा हलला आणि इकडे पंखा थांबला. जमलेल्या शेजारणी हळहळल्या. टॅबवर मात्र वहिनी हसतच होती. दादाने फोन लेकीच्या कानाशी धरला.

“कुर्रर्र... शर्वाणी!”

बाळाने दचकून डोळे उघडले. रिवाजाप्रमाणे आत्याच्या, म्हणजे माझ्या, पाठीत धपाटे बसले. सगळ्यात जोरदार आईचा. मग राउटरपाशी जाऊन तिने बॅटरीला हलकेच थोपटलं.

“हिला कुणी मारू नका गं. हिचं काम अजून चालू आहे.”