नऊ नंबरच्या चपला

"तिची नोकरी गेलीच पायजे," हिरामण म्हणाला आणि त्यानं नऊ नंबरची चप्पल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी चपलेकडे पाहिलं. कर्जतच्या त्या दवाखान्यात लोक टेबलावर काकड्या ठेवत, कधी अंडी ठेवत. चप्पल पहिलीच.

"पुरावा हाय ह्यो," हिरामण म्हणाला. "माजी बायको पाच नंबरची. सातव्या महिन्यात तिला सात लागली, नवव्यात नऊ. पुरुषाची घेतली मी, बाईची नऊ मिळतच नाय. मला काय कळतंय? मी रसायनीला पाइप जोडतो. पण नर्सबाईला कळाया नको?"

पारूला काल दुपारी मुलगी झाली आणि तासाभरात झटके सुरू झाले. रक्तदाब एकशे नव्वद. आता ती आतल्या खाटेवर बेशुद्ध होती. छातीत पाणी भरल्यामुळे श्वास हुक्क्यासारखा गुडगुडत होता.

"हृदयावर ताण आलाय," डॉक्टर म्हणाले. "आजचा दिवस निघाला तर बोलू. पण हे एका दिवसात होत नाही. दोन महिने आधी कळलं असतं, तर इथं आणून ठेवलं असतं तिला."

हिरामणच्या डोक्यात तेच घुसलं. कारखान्यात दाबाचा काटा तांबड्यात गेला की भोंगा होतो, आणि काटा बघणारा पेंगत असेल तर त्याला गेटाबाहेर काढतात. इथं तर काटा बघणारी पाच वेळा येऊन गेली होती. कार्डावर पाचही वेळा एकच आकडा: एकशे वीस, ऐंशी.

"पाची वेळा येकच? घरी बसून लिवलंय तिनं. शाळेत आमी पाढे लिवायचो तसं."

बाकावर त्याची आई मालनबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीवर आणि स्वतःच्या हातांवर तिनं पदर ओढून घेतला होता.

"जाऊ दे रं हिरामण," ती म्हणाली. "गरिबाची पोर हाय ती. कुनाच्या पोटावर पाय देऊ नाय."

हिरामणला नवल वाटलं. ही बाई एका भोपळ्यापायी शेजारच्या चिंधीशी चार वर्षं बोलली नव्हती. लहानपणी हिरामण जेवला नाही, तर मनगटावरचा गोंदलेला विंचू त्याच्या नाकाशी आणून म्हणायची, "घास घे, नायतर सोडीन." आणि त्या नर्सवर तर तिचा जुना राग. गेल्या साली वाडीतल्या गरोदर मंगळीच्या दंडाला नर्सनं रक्तदाबाचा पट्टा बांधला, यंत्र बघून जीप मागवली, आणि मंगळी काही परत आली नाही. तेव्हापासून मालनबाईचं गणित ठरलेलं: पट्टा आला की जीप येते, जीप आली की बाई जाते.

पारूला सहावा लागताच तिनं माजघराच्या दारावर लुगड्याचा पडदा टांगला. कुवार बाईची नजर पोटाला लागते म्हणून. चिंधीच्या पोरीलाही तिनं अंगणातूनच परत धाडलं. हिरामण हसला होता. संध्याकाळी विचारलं की आई सांगायची, "आलती नर्स. समदं बेस हाय म्हनली."

पारूचं डोकं दुखायचं, डोळ्यांपुढं काजवे यायचे. मालनबाई म्हणायची, पाय सुजले म्हणजे मुलगा. हिरामण चपला आणायचा.

आतून सिस्टरची कुरकुर ऐकू आली. पारूच्या सुजलेल्या हाताला शीर सापडत नव्हती. गोरे, कोरे हात. लग्नात मालनबाईनं त्या हातांवरून केवढं तोंड टाकलं होतं! "अंगावर गोंदनाचा येक ठिपका नाय. वर गेल्यावर देवाला काय दावील?" नेरळची सातवी पास मुलगी म्हणाली होती, "देवाला मी दाखला दाखवीन शाळेचा."

तेवढ्यात नर्स आली. डॉक्टरांनी निरोप धाडला होता. बिचारी खालापूरहून एसटीत उभ्यानं आली होती. मैना तिचं नाव, वय बावीस, हातात यंत्राची पेटी.

"ही बघा," हिरामण उठला. "आली. समद्यांसमोर सांगतो, ज्या बाईनं ह्यो खोटा आकडा कार्डावर आनला, तिचं तोंड मी बघनार नाय. तिच्या हातचं पानी या जल्मात पिनार नाय. माजी सख्खी भैन असती तरी!"

"हिरामण, शपथ नको घेऊ रं," मालनबाई घाईनं म्हणाली. "पानी पी आधी, घसा सुकला तुजा." तिनं पदराआडूनच तांब्या पुढं केला. हिरामणनं तो घेतला.

मैना रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिनं पेटी उघडली. "आधी यंत्र तपासा, सर."

डॉक्टरांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. मग दवाखान्याच्या यंत्राचा बांधला. दोन्हींवर एकच आकडा.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "मग नीट मोजलं नसशील."

"पाचही वेळा दोनदा मोजलं."

"मंग काय माजी बायकूच खोटी?" हिरामण गरजला. तांब्यातलं पाणी हिंदकळलं.

"तुमच्या बायकोचं तोंड मी आज पहिल्यांदा बघणार आहे, दादा," मैना म्हणाली. "कुवार म्हणून मला ओटीवरच बसवायचे. पडद्याआडून नुसता हात बाहेर यायचा."

"आणि तू मोजलंस?" डॉक्टर खेकसले. "दर वेळी ती तीच बाई होती, हे तुला कसं कळणार?"

"तेवढी अक्कल आहे मला, सर," मैना आता चिडली. "दर वेळी आधी खूण बघायची मी, मगच पट्टा बांधायची. मनगटावर गोंदलेला विंचू."